एकत्र बसून सोडवायचं की निकाल लावायचा? टीममधल्या वादाविषयी

प्रश्न: मी अकरा जणांच्या सॉफ्टवेअर टीमचा मॅनेजर आहे. माझी डेव्हलपमेंट लीड आणि टेस्टिंग लीड यांचं प्रत्येक रिलीजच्या (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याच्या) आधी वाजतं. तिला ठरलेली तारीख चुकवायची नसते, त्याला तपासणी पुरी झाल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नसतं. माझे वरिष्ठ म्हणतात, "भांडू द्या, ज्याच्या मुद्द्यात दम असेल त्याचं चालेल." ट्रेनिंगमध्ये ऐकलं की वाद कायम सहकार्यानेच सोडवावेत. दोन्ही करून पाहिलं. पहिल्या वेळी दोघांनी मेलवर एकमेकांना उघडं पाडलं. दुसऱ्या वेळी एकत्र बसून रिलीज तीन दिवस पुढे ढकलली, तर दोघंही नाराज आणि बग (सॉफ्टवेअरमधला दोष) राहिला तो राहिलाच. तिचं अप्रेझल वेळेवर गेलेल्या रिलीजवर होतं, त्याचं रिलीजनंतर ग्राहकाकडे निघालेल्या बगवर. आता कुठली पद्धत धरू?

उत्तर: अप्रेझलचं वाक्य तुम्ही जाता जाता माहिती म्हणून दिलंय. माझ्या मते वादाचं मूळ तिथेच आहे. तिने तारीख गाठली की त्याच्या नावावर बग चढण्याची शक्यता वाढते आणि त्याने रिलीज रोखली की तिचा आकडा पडतो. एकाचं भलं दुसऱ्याच्या नुकसानीतून होईल, अशी सोय कंपनीनेच करून ठेवली आहे. या दोन खुर्च्यांवर उद्या दुसरी दोन माणसं बसवा, अगदी जिवलग मित्र आणून बसवा, दोन-तीन रिलीजमध्ये तीही हमरीतुमरीवर येतील. त्यामुळे त्या दोघांचे स्वभाव तपासण्याआधी त्यांची उद्दिष्टं एकमेकांना कशी बांधली आहेत ते बघा.

मॉर्टन डॉइश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं होतं. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एमआयटीतल्या विद्यार्थ्यांचे छोटे गट होते. काही गटांना सांगितलं, गटाचं काम जसं होईल तसे सगळ्यांना सारखे गुण मिळतील. बाकीच्यांना सांगितलं, गटातल्या गटात तुमचे क्रमांक लावले जातील. बाकी परिस्थिती सारखीच. सारखे गुण मिळणाऱ्या गटांत मुलं एकमेकांचं ऐकत होती, कामं वाटून घेत होती, दुसऱ्याने मांडलेली कल्पना पुढे नेत होती. क्रमांक लागणाऱ्या गटांत बोलणं तेवढंच व्हायचं, पण कान बंद ठेवून. माणसं एकमेकांशी कशी वागतील, हे "तू तरलास तर मीही तरतो" अशी मांडणी आहे की "तू बुडालास तरच मी तरतो" अशी, यावर बरंचसं ठरतं.

डॉइश यांनी पुढे याची उलटी बाजूही मांडली आणि रोजच्या कामात मला ती जास्त उपयोगी पडते. माहिती दडवणं, धमकावणं, मतभेदाचाच तेवढा पाढा वाचणं हे स्पर्धेतून येतं, आणि हेच केलं की स्पर्धा तयारही होते. मोकळेपणाने माहिती देणं, मदत करणं यांचंही तसंच आहे. म्हणजे एकाने मेलच्या सीसीमध्ये साहेबांना घातलं, की तोवर साधा असलेला मतभेद त्या क्षणापासून सामना होतो. मेल लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो.

याच डॉइश यांनी रॉबर्ट क्राउस यांच्यासोबत १९६० मध्ये एक खेळ रचला होता. तो तुमच्या वरिष्ठांना जरूर सांगा. दोन मालवाहतूक कंपन्या, प्रत्येकीचा एक ट्रक. ट्रक समोरासमोरून येणार, जवळच्या रस्त्याच्या मधल्या तुकड्यातून एका वेळी एकच जाईल, लांबच्या रस्त्याने गेलं तर तोटा. काही जोड्यांत कुणाकडेच काही अडवायचं साधन नव्हतं. काहींत एकाच खेळाडूला रस्ता बंद करणारं फाटक दिलं होतं आणि काहींत दोघांनाही. फाटकं नव्हती तिथे लोकांनी आळीपाळीने जाऊन नफा काढला. एकाकडे फाटक आलं तेव्हा दोघं मिळून तोट्यात गेले. दोघांकडे आलं तेव्हा तोटा सगळ्यांत मोठा झाला. इतका, की समोरच्याकडे फाटक असून स्वतःकडे नसलेला खेळाडूही दोघांकडे फाटक असलेल्या खेळातल्या खेळाडूंपेक्षा बरा राहिला. आणि पुढची गोष्ट तर फार कमी लोक लक्षात ठेवतात: खेळाडूंना आपसात बोलायची सोय करून दिली तरी फारसा फरक पडला नाही. बऱ्याच जणांनी ती वापरलीच नाही.

तुमच्या टीममध्ये ही फाटकं कोणती आहेत बघा. त्याच्या हातात साइन-ऑफ, म्हणजे रिलीजला द्यायची अंतिम मंजुरी आहे, तिच्या हातात साहेबांपर्यंत थेट जाणारा मेल. दोघांनी आपापलं फाटक धरून ठेवलंय आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "एकदा बसा आणि बोला." ते बसले, बोलले आणि फाटकावरचा हात कुणीच काढला नाही. तीन दिवसांची ढकलाढकल त्यातूनच निघाली.

"भांडू द्या" या सल्ल्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सगळे माना डोलावतात अशा टीमपेक्षा जिथे लोक तोंडावर "हे चुकतंय" म्हणतात ती टीम मला कधीही परवडेल. पण "थोडं भांडण कामाला चांगलं असतं" हे वाक्य जितक्या ठामपणे फेकलं जातं तितका त्याला आधार नाही. कॅरेन जेन यांनी नव्वदच्या दशकात कामावरून होणारा वाद आणि माणसांमधला वाद असा फरक केला, आणि काही प्रकारच्या कामांत पहिला उपयोगी ठरतो असं दाखवलं. मग २००३ मध्ये कार्स्टन डी ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तर दोन्ही प्रकारच्या वादांचा संबंध ढासळलेल्या कामाशी निघाला. २०१२ मध्ये आणखी मोठ्या संख्येने अभ्यास तपासले गेले तेव्हा चित्र थोडं सौम्य झालं: कामावरचा वाद व्यक्तिगत वादात मिसळलेला नसेल तिथे तो तितका घातक नाही, काही टीममध्ये फायद्याचाही. सगळा खेळ या "मिसळलेला नसेल" वर आहे. ज्यांची बढती एकमेकांच्या पराभवावर अवलंबून आहे, त्यांचा कामावरचा वाद चार दिवसांत व्यक्तिगत होतो. "या मॉड्यूलला अजून दोन दिवस हवेत" याचं "तुला वेळेचं गांभीर्यच नाही" व्हायला एक मीटिंग पुरते.

शिवाय खुल्या भांडणात दम असलेला मुद्दा जिंकतो, हेही मला मान्य नाही. जिंकतो तो न थकणारा माणूस. किंवा ज्याचं इंग्रजी चांगलं आहे तो, साहेबांच्या जवळचा आहे तो, रात्री अकराला मेल लिहायची तयारी असलेला तो. सहकाऱ्यांनाच एकमेकांविरुद्ध उभं करून कामगिरी वाढवण्याचा प्रयोग मोठ्या कंपन्यांनीही केलेला आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये बरीच वर्षं प्रत्येक टीममधल्या लोकांना ठरलेल्या प्रमाणात वरच्या-खालच्या श्रेणीत बसवावं लागायचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती पद्धत बंद केली आणि तेव्हा कारण म्हणून टीमवर्क पुढे केलं.

आता ट्रेनिंगकडे येतो, कारण तिथला घोळ मला जास्त त्रासदायक वाटतो.

"सहकार्याने सोडवा" हे वाक्य ऐकून बहुतेक लोक तीनपैकी एक गोष्ट करतात. मूग गिळून गप्प बसतात, आपलं म्हणणं सोडून देतात किंवा अर्ध्यावर फरक कापतात. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये जी प्रश्नावली काढली (तीस जोड्या, प्रत्येकीतलं एक वाक्य निवडायचं), तिच्यात वाद हाताळण्याचे पाच प्रकार आहेत: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं आणि नमतं घेणं. ते दोन अक्षांवर मांडलेले आहेत: स्वतःच्या गरजेचा आग्रह किती आणि समोरच्याच्या गरजेची काळजी किती. सहकार्याची जागा दोन्ही जास्त असलेल्या कोपऱ्यात आहे. म्हणजे आग्रहाच्या बाबतीत सहकार्य करणारा माणूस स्पर्धा करणाऱ्याइतकाच हट्टी असतो. ट्रेनिंगच्या स्लाइडवर हा चौकोन असतोच, पण लोक बाहेर पडतात ते "आपण जरा समजुतीने घ्यायला हवं" एवढंच घेऊन. आणि पाचांपैकी "मी कोण" ते ठरवून. हे पाच प्रकार वापरण्यासाठी आहेत. एकच माणूस सकाळी एका विषयात टाळतो आणि दुपारी दुसऱ्यात अडून बसतो, आणि दोन्ही वेळा बरोबर असू शकतो.

डीन प्रुइट यांनी वाटाघाटींच्या अभ्यासातून हेच वेगळ्या बाजूने दाखवलं: काय साधायचं याबद्दल घट्ट राहा, कसं साधायचं याबद्दल सैल. दोन्ही बाजू समोरच्याबद्दल सद्भावना बाळगून आहेत पण स्वतःच्या गरजेवरून सहज हटतात, तेव्हा चांगला तोडगा निघत नाही, कारण तो शोधायची निकडच उरत नाही. तुमची दुसरी बैठक मला तशी दिसते. तिने थोडं सोडलं, त्याने थोडं सोडलं. तिने ग्राहकाला दिलेला शब्द गेला, त्याची तपासणी अपुरी राहिली. ही तडजोड होती आणि तिला सहकार्याचं नाव दिल्यामुळे आता दोघांनाही वाटतंय की सहकार्याने काही होत नाही.

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या एका व्याख्यानात हा फरक सांगितला होता आणि शंभर वर्षांत त्यात कुणी मोठी भर घातलीय असं मला वाटत नाही. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत दोघं बसलेत. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेट यांना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. इथे कुणी काहीच सोडलं नाही, कारण त्याला ती विशिष्ट खिडकी नको होती आणि यांना खोली कोंदट हवी नव्हती. अर्धी खिडकी उघडली असती तर तडजोड झाली असती. त्याच व्याख्यानात फॉलेट यांनी हेही स्पष्ट म्हटलंय की सगळे मतभेद असे जुळत नाहीत. दोन भावांना वडिलांच्या एकाच घरात राहायचं असेल तर शेजारची खिडकी नसते. त्यांचं हे दुसरं वाक्य उद्धृत करणारे फार भेटत नाहीत.

मग प्रत्यक्षात काय करायचं? आधी दोघांशी वेगवेगळं बोला. एकत्र बैठक घेण्याची घाई हा मॅनेजर लोकांचा लाडका दोष आहे. समोर प्रतिस्पर्धी बसलेला असताना कुणी आपली खरी अडचण सांगत नाही, सांगतात ती भूमिका. तिला विचारा: ही तारीख चार दिवस हुकली तर तुझ्यावर नेमकं काय येतं, आणि कुणाकडून? सगळी रिलीज त्या दिवशी जायला हवी, की तिच्यातलं काही? तारीख कुणी दिली, तेव्हा तपासणीचा वेळ कुणी मोजला होता का? त्याला विचारा: कुठल्या भागाची सगळ्यांत जास्त भीती वाटते? मागचे जे बग ग्राहकाकडे निघाले ते कुठे होते? तपासणी पुरी झाली असं तू कशावरून ठरवतोस? "का" ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "का अडवतोस" म्हटलं की माणूस बचाव मांडायला लागतो. "काय होईल" म्हटलं की माहिती देतो.

अशा टीममध्ये या प्रश्नांतून बहुतेक वेळा साधारण एकच चित्र पुढे येतं, तुमच्याकडे तपशील वेगळे असतील. तिला तारीख हवी असते कारण एका मोठ्या ग्राहकाला एक विशिष्ट सुविधा त्या दिवशी दाखवायची कबुली दिलेली असते. उरलेली रिलीज आठवड्याने गेली तरी कुणाला पत्ता लागणार नसतो. त्याची धास्ती दोनच मॉड्यूलबद्दल असते, बहुधा पैशांचे व्यवहार जिथून होतात त्या. बाकीच्या भागांची तपासणी तो पुरी मागतो, कारण कमी मागितली तर त्या दोन मॉड्यूललाही पुरेसा वेळ मिळणार नाही, हे त्याला अनुभवाने कळलंय. म्हणजे तोही घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासारखा मुद्दाम जास्त मागतोय आणि तीही मुद्दाम आधीची तारीख सांगतेय. दोघांनाही दुसरा हे करतोय याची कल्पना असते, म्हणून आकडे दोन्हीकडून फुगत जातात. खरी गरज टेबलावर आली की तोडगे दिसायला लागतात: कबूल केलेली सुविधा त्या दिवशी, जोखमीची मॉड्यूल जुन्या आवृत्तीवर तशीच ठेवून. किंवा सगळं पाठवायचं पण नवा भाग बंद ठेवून आणि तपासणी झाली की सुरू करून. किंवा तारीख ग्राहकाला सांगण्याआधी त्याला विचारून. यातला शेवटचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ, पण तो पुढच्या रिलीजसाठी. या रिलीजची तारीख तर देऊन झालीय.

मग एकत्र बसवा. सुरुवातीला प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की समोरचा म्हणेल, "हो, हेच म्हणायचंय मला." ते म्हणेपर्यंत उत्तर द्यायची मुभा नाही. ही कल्पना संघर्षाचा अभ्यास करणारे गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांची, १९६० ची. ऐकायला बाळबोध वाटते, पण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कुठे "हो" येतो आणि तोवर खोलीतला आवाज उतरलेला असतो. त्यानंतर तोडग्यांकडे लगेच वळू नका. चांगला तोडगा कशाला म्हणायचं ते आधी लिहून काढा: कबूल केलेली सुविधा दाखवता आली पाहिजे, व्यवहारांच्या मॉड्यूलमध्ये गंभीर बग उघडा नसावा, कुणाला सलग दोन रात्री जागावं लागू नये, असं काहीही. निकष दोघांचे मिळून ठरले की तोडगा कुणी सुचवला याला फार किंमत राहत नाही. आणि या बैठकीला वेळेची मर्यादा घाला, तसंच ती संपताना एकमत झालं नाही तर कोण ठरवणार हे सुरुवातीलाच सांगा. हे न सांगता घेतलेली सहकार्याची बैठक लांबते, आणि लांबवणं ज्याच्या पथ्यावर पडतं त्याच्या बाजूने आपोआप निकाल लागतो. तुमच्या बाबतीत तो टेस्टिंग लीड. वेळ गेला की त्याचं म्हणणं फुकटात खरं होतं.

फाटकांचा करारही याच बैठकीत करा. साइन-ऑफ नाकारायचा तर आधी लिहिलेल्या निकषांवरच, "मला पटत नाही" एवढ्यावर नाही. साहेबांकडे जायचं तर आधी समोरच्याला सांगून, जमल्यास दोघांनी मिळून एकच मेल लिहून. दोन बाजूंचा एकत्र लिहिलेला मेल फार गुणकारी असतो. तो लिहिताना अर्धे वाद मिटतात, म्हणून कित्येकदा तो पाठवावाच लागत नाही.

निकाल लावण्याची पद्धत, म्हणजे एकाचं चालणार आणि दुसऱ्याचं नाही, ही सुद्धा वापरायची असते. ग्राहकाची यंत्रणा बंद पडली आहे आणि दोघांची दोन मतं आहेत, तर तिथे निकषांची यादी करत बसू नका. ज्याच्याकडे त्या क्षणी जबाबदारी आहे त्याने ठरवावं, बाकीच्यांनी मत एका वाक्यात नोंदवून कामाला लागावं आणि चर्चा नंतर करावी. कायद्याची किंवा सुरक्षेची अट मोडली जातेय, तिथेही वाटाघाट नाही. कुणी कुणाचा अपमान करतंय, छळ करतंय, तर ते मध्यस्थीत घालणं हा अन्याय आहे. तिथे "दोघांच्या गरजा" नसतात. तिथे एका माणसाचं वागणं असतं आणि त्यावर ठरलेली कारवाई.

किरकोळ गोष्टींनाही सहकार्याचा खर्च परवडत नाही. फोल्डरची नावं कशी द्यायची यावर सहा जण तासभर बसले, तर टीमचा जवळपास एक कामाचा दिवस गेला. तिथे नाणं उडवा, किंवा ज्याने आधी विचारलं त्याचं मान्य करा.

आणि मग फॉलेट यांच्या दोन भावांसारखी प्रकरणं. लीडची जागा एक, इच्छुक दोन. इथे "तुम्ही दोघं बोलून ठरवा" म्हणणं क्रूरपणा आहे, कारण जो नमतं घेईल तो आयुष्यभर ते विसरणार नाही आणि जो घेणार नाही तो स्वार्थी ठरेल. ही उघड स्पर्धा आहे, ती उघडच होऊ द्या. निकष आधी सांगा, निवडणारे कोण ते सांगा, निकाल कारणांसकट आधी हरलेल्याला सांगा. बारकावा एवढाच, की स्पर्धा त्या जागेपुरती ठेवा. निवड होईपर्यंत त्या दोघांना एकमेकांच्या कामाचं मूल्यमापन करायला लावू नका. सुट्टीच्या दिवशीच्या ड्युटीसारख्या गोष्टीही अशाच, जितक्या एकाला कमी तितक्या दुसऱ्याला जास्त. तिथे पाळी लावून मोकळं व्हावं. पाळी मोडायची असेल तर आपसात अदलाबदल करा, मला फक्त कळवा, एवढा नियम पुरतो.

लोक हमखास विचारतात: मी सहकार्याने वागलो आणि समोरच्याने गैरफायदा घेतला तर? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणक प्रोग्रामच्या दोन स्पर्धा घेतल्या. पहिलीत तज्ज्ञांनी १४ डावपेच पाठवले, दुसरीत वेगवेगळ्या देशांतून ६२ आले. प्रत्येक प्रोग्राम इतरांशी पुन्हा पुन्हा भिडायचा आणि दर फेरीला साथ द्यायची की दगा, ते ठरवायचा. दोन्ही वेळा जिंकला तो वर उल्लेख केलेल्या रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, सगळ्यांत छोटा प्रोग्राम: सुरुवात साथ देऊन, पुढे समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच. दग्याला लगेच उत्तर, पण तो सुधारला की याचाही राग संपला. यातली मजा म्हणजे हा प्रोग्राम एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. बरोबरीत राहतो किंवा थोडा मागे. तरी एकूण बेरजेत तो सगळ्यांच्या पुढे गेला, कारण कुरघोडी करणारे एकमेकांना खाली ओढत राहिले. तुमच्या लीडसना एवढंच सांगा: आधी माहिती तुम्ही द्या. समोरच्याने ती तुमच्याविरुद्ध वापरली तर त्याच आठवड्यात तोंडावर सांगा आणि पुढच्या वेळी तेवढी देऊ नका. त्याने चूक सुधारली की मागचं उकरून काढू नका. मनात कडवटपणा साठवून वर्षाच्या फीडबॅकमध्ये ओतणारे लोक याच्या नेमकं उलट वागतात. मात्र हे चालतं ते पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसांत. ज्याचा हा शेवटचा महिना आहे त्याच्याशी होणाऱ्या वादात यावर विसंबू नका.

तुमच्या स्वतःच्या जागेबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. त्या दोघांचं अप्रेझल तुम्ही लिहिता, म्हणून तुम्ही तटस्थ मध्यस्थ नाही. तुमच्यासमोर ते जे बोलतील ते थोडं तुमच्यासाठीही असेल. हे टाळता येत नाही, पण बैठकीच्या सुरुवातीला आपण कुठल्या भूमिकेत आहोत ते सांगता येतं: "आज मी ठरवणार नाही, फक्त बोलणं पुढे नेणार" किंवा "पाच वाजेपर्यंत तुमचं ठरलं नाही तर मी ठरवणार." मध्यस्थ म्हणून बसायचं आणि शेवटी न सांगता न्यायाधीश व्हायचं, असं एकदा झालं की पुढच्या बैठकीत दोघं फक्त वकिली करतात. जोखीम जास्त असेल तर दुसऱ्या टीमचा, या दोघांवर कसलाच अधिकार नसलेला माणूस मध्यस्थीला बोलवा.

टीमला बाहेर फिरायला नेऊन सगळं सुरळीत होईल, असं सुचवणारं कुणीतरी तुम्हाला भेटेलच. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली होती. वैर पेटल्यावर त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते चालू करायला सगळेच लागले, अशा प्रसंगांनंतर हळूहळू तेढ कमी झाली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही आहे, पण हा तपशील कार्यालयांतही तंतोतंत दिसतो. सहलीला जायला हरकत नाही. मात्र सोमवारी दोघं त्याच दोन अप्रेझलच्या रकान्यांकडे परत येणार आहेत.

म्हणून शेवटी पुन्हा त्या रकान्यांकडे या. मी असतो तर दोघांच्याही नावावर एकच जोड-आकडा टाकला असता: वेळेवर गेलेल्या आणि ठरलेल्या मुदतीत ग्राहकाकडे गंभीर बग न निघालेल्या रिलीज. तारीख गाठली आणि बग निघाला, तर दोघांच्याही खात्यात शून्य. बग नाही पण तारीख हुकली, तरी शून्य. हा आकडा दोघांच्या मूल्यमापनाचा निदान अर्धा भाग असावा, उरलेला ज्याच्या त्याच्या कामाचा. सगळंच सामायिक केलं तर एक राबतो आणि दुसरा त्याच्या जिवावर तरून जातो, तो वेगळाच वाद.

अप्रेझल बदलणं तुमच्या हातात नसेल, एचआरच्या साच्यात हे बसत नसेल, तर तुमच्या अखत्यारीत असलेल्या दोन गोष्टी लगेच करा. ग्राहकाला तारीख देण्याआधीच्या चर्चेत टेस्टिंग लीडला बसवा आणि दिलेल्या तारखेखाली दोघांचीही नावं लिहा. आणि ग्राहकाकडे बग निघाला की त्याची कारणमीमांसा त्या दोघांनी मिळून एका पानावर लिहायची, एकच कागद, दोघांच्या सह्या. वरिष्ठांना पुढच्या तीन रिलीज याच पद्धतीने होतील एवढंच सांगा, परवानगी मागू नका. तीन रिलीजनंतर अप्रेझल बदलायची मागणी घेऊन जाल तेव्हा ती कागदपत्रं तुमच्या हातात असतील.